दस्तगीरचाचांचा हात

ऋतुजा आवटीला पाण्याचा नळ साधा सरळ बंद करता येत नाही, ही तिच्या नवऱ्याची जुनी तक्रार होती. नळ फिरवायचा आणि मग बोटाच्या पेराने त्याच्यावर दोनदा टकटक करायचं. कुकरचं झाकण लावलं की टकटक, कपाट लावलं की टकटक. शिवानंद म्हणायचा, "लग्न तुझ्याशी केलं, पण घरात नांदायलेत दस्तगीर मुजावर. एकदा त्यांना जेवायला तरी बोलीव, एवढं घर सांभाळतात बिचारे."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मिरज-कुपवाड रस्त्यावरच्या सिलिंडर भरायच्या कारखान्यात दस्तगीरचाचांनी उभी हयात काढली होती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. त्या दवाखान्यांचा ऑक्सिजन, वेल्डिंगवाल्यांचा आर्गॉन, सगळं चाचांच्या नजरेखालून जायचं, आणि त्यांच्या पाळीत कधी कुणाचं बोटसुद्धा पोळलं नव्हतं. ते निवृत्त व्हायच्या सुमारास प्रशिक्षण केंद्राच्या वरदा सप्रे मॅडमनी त्यांच्या उजव्या हाताला एक बाही चढवली आणि तो हात उतरवून घेतला. आता जिल्हाभरातले कारखाने त्या हाताच्या नकलांवर चालत होते. त्यातली एक नक्कल ऋतुजाच्या मनगटात मुक्कामाला होती.

ही बाही म्हणजे जादूटोणा नव्हता. आपण साधं बोट हलवायचं म्हटलं तरी मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत विजेच्या रूपाने पोचतो. ती वीज इतकी बारीक, की आपल्याला तिचा पत्ता नसतो, पण कातडीवर ठेवलेल्या तारेला असतो. बाहीच्या कापडात चांदीच्या तारा विणलेल्या होत्या. कुठला स्नायू कधी ओढला, किती जोराने ओढला, हे त्या टिपून घ्यायच्या. मग तीच बाही शिकाऊ माणसाच्या हातावर चढवायची. तो काम करत असताना नेमक्या क्षणी नेमक्या स्नायूला गुदगुली होईल इतका करंट मिळायचा. जोडीला मानेमागे एक पट्टी. सवयी जिथे मुरतात तो लहान मेंदू ती पट्टी तेवढ्यापुरता जागा आणि हावरा करायची. जे अंगी बाणायला एरवी वर्षं लागली असती ते एका पावसाळ्यात हातात उतरायचं, आणि बाही काढली तरी उतरलेलं राहायचं. सायकल शिकलेला माणूस जन्मात सायकल विसरत नाही, त्यातलाच प्रकार.

आणि हे हवंच होतं. भरलेल्या सिलिंडरमधला वायू बाहेरच्या हवेच्या दीडशेपट दाबाने कोंडलेला असतो. वरचा व्हॉल्व्ह तुटला तर सिलिंडर भिंत फोडून शेजारच्या आवारात जाऊन पडतो. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हच्या आट्याला कुणी भल्या मनाने तेलाचं बोट लावलं, तर ते तेल काडी न ओढता पेटतं. अशा कामाला नवखा हात लावणं म्हणजे आगीशी खेळ. बाही आली, पुढे तिच्या प्रमाणपत्राशिवाय सिलिंडरला हात लावायचा नाही असा नियम झाला, आणि अपघातांच्या बातम्या जवळजवळ बंद झाल्या. त्याबदल्यात जिल्हाभरच्या कामगारांना चाचांची टकटकसुद्धा चिकटली, तर बिघडलं कुठे? एकदा आष्ट्याच्या एका लग्नात दोन अनोळखी माणसांनी सोड्याच्या बाटल्यांची बुचं एकाच झटक्यात फिरवून टकटक केलं, आणि "तुम्हीपण चाचांचे का?" म्हणत एकमेकांना मिठी मारली.

ऋतुजा तर चाचांची भक्तच होती. पूर्वी ती तासगावात बेदाणे निवडायची. तिथे दिवसभर मान वर करायची सोय नव्हती आणि संध्याकाळी नाव विचारणारं कुणी नव्हतं. आता भरणीच्या शेडमधले ड्रायव्हर तिला 'मॅडम' म्हणायचे. खंडेनवमीला कारखान्यात पान्यांची आणि गेजांची पूजा झाली, की ती उरलेलं हळदकुंकू स्वतःच्या उजव्या मनगटाला लावायची आणि पेढे घेऊन चाचांच्या घरी जायची. बायका हसायच्या. ती म्हणायची, "हसा. माझं हत्यार हेच हाय."

चाचांच्या साऱ्या कसबात नावाजलेली होती ती त्यांची फुंकर. ऑक्सिजनच्या सिलिंडरवर रेग्युलेटर चढवण्याआधी व्हॉल्व्ह केसभर उघडायचा आणि लगेच मिटायचा. तोंडाशी बसलेली धूळ त्या झोताबरोबर उडून जाते. ती तशीच राहिली तर दाबाखाली रेग्युलेटरमध्ये शिरून पेट घेऊ शकते. कामगार याला फुंकर म्हणतात. नवखा माणूस फुंकर मारतो तेव्हा सगळी शेड दचकते. चाचांची फुंकर पापणी लवावी इतकीच असायची, आणि ऋतुजाची हुबेहूब तशी होती.

मग हायड्रोजन आला.

सांगली-मिरजेच्या बसगाड्या हायड्रोजनवर धावायला लागल्या, दवाखान्यांची जनित्रंही त्याच्यावर आली, आणि कारखान्याने मागच्या बाजूला, उंच उघड्या छपराचं हायड्रोजनचं आवार बांधलं. आवाराची मुख्य म्हणून ऋतुजाची निवड झाली. तिने लेखी परीक्षेत पहिला नंबर काढला होता. त्या परीक्षेत एक प्रश्न असाही होता, की हायड्रोजनला फुंकर मारावी का? ऋतुजाने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, की कधीही मारू नये. हा वायू सगळ्यात हलका आणि सगळ्यात उतावळा. बारीक तोंडातून जोरात सुटला तर नुसत्या घासण्याने अंगात वीज भरून पेटतो, आणि त्याची ज्वाळा भर उन्हात डोळ्यांना दिसत नाही. माणूस सरळ तिच्यात चालत जातो.

पहिल्याच आठवड्यात दुपारच्या वेळी ऋतुजा आपल्या हाताखालच्या ज्योत्स्ना पाटोळेला काम दाखवत होती. ज्योत्स्ना नुकतीच बाहीचं प्रशिक्षण संपवून आली होती. समोर हायड्रोजनचं लालभडक सिलिंडर. तोंडाचे आटे उलटे, पेटणाऱ्या वायूंचे असतात तसे. ऋतुजाने हे सगळं स्वतः पाहिलं, ज्योत्स्नालाही दाखवलं. "याला फुंकर मारायची न्हाई बरं का, ध्यानात ठेव," असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या हाताने फुंकर मारली.

फट्ट असा आवाज झाला. दिसलं काहीच नाही. ज्योत्स्ना एकदम मागे सरकली आणि केस करपल्याचा वास आला. तोवर हाताने व्हॉल्व्ह मिटलासुद्धा होता, पापणी लवण्याच्या आत, चाचांच्या शिरस्त्याप्रमाणे. वरून टकटकही केलं होतं.

"अक्का," ज्योत्स्ना चाचपत म्हणाली, "माझी भुवई कुठाय?"

डावी भुवई अर्धी गेली होती. चेहरा आणखी वीतभर पुढे असता तर डोळा गेला असता. ऋतुजाने तिला गच्च जवळ घेतलं आणि ती लहान मुलासारखी रडली. ज्योत्स्नाच तिची समजूत घालत बसली, की आपल्या लग्नाला अजून महिना आहे, भुवई काय काजळानेही काढता येते. ऋतुजाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती. इतकी वर्षं ज्याला हळदकुंकू वाहिलं तो हात तिला न विचारता चालला होता.

त्याच संध्याकाळी वरदा सप्रे मॅडम आल्या. कुणावर खापर फोडायच्या ऐवजी त्या खुर्ची ओढून ऋतुजासमोर बसल्या. "ऋतुजाताई, चूक तुमची नाही. आम्ही तुमच्या हाताला इतकं पक्कं शिकवलं, की त्याला आता डोळ्यांची गरज उरली नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं."

"आता काय करायचं, मॅडम?"

"हात पुसता येतो. उलटी बाही चढवायची. सवय सुरू झाली रे झाली, की ती चुकीच्या क्षणी करंट देते. काही आठवड्यांत मेंदू ती सवय टाकून देतो."

"मग पुसा की. फुंकर तेवढी पुसा."

मॅडमनी मान हलवली. "तेवढीच नाही पुसता येत. स्वेटरचा एक टाका ओढला की सगळी वीण सुटते ना, तसं आहे ते. व्हॉल्व्ह हळू उघडणं, कडेला उभं राहणं, आटा किती आवळला की पुरे याची समज, चाचांचं जे जे आहे ते सगळं जाईल. मग यंत्राने तयार केलेला हायड्रोजनचा हात आम्ही तुम्हाला शिकवू. तो चुकत नाही, पण तो कुणाचाच नाही. नाहीतर तुम्ही कचेरीत बसून काम करा, पगार तोच राहील."

घरी आल्यावर तिने शिवानंदला सगळं सांगितलं. तो नेहमीसारखा थट्टा करेल असं तिला वाटलं होतं, पण त्याने तिचा उजवा हात हातात घेतला. मग म्हणाला, "त्या पोरीचा डोळा वाचला, हे देवाचं देणं. पुसायचा तर पूस. पर आधी चाचांना सांगून ये. त्यांची वस्तू हाय ती."

चाचांचं घर दर्ग्याच्या मागच्या गल्लीत होतं. ऋतुजा गेली तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. चार वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताने गाठलं होतं. जिल्हाभर ज्या हाताच्या नकला खडखडीत काम करत होत्या, त्या मूळ हाताला आता सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती. ऋतुजाला म्हणूनच बोलणं जड जात होतं. चाचांचा धड असा हात आता दुसऱ्यांच्या अंगातच उरला होता, आणि त्यातला एक ती पुसायला निघाली होती.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "पुसून टाक," ते म्हणाले.

"चाचा, असं कसं म्हणता?"

"मग कसं म्हणू? तू सांजच्याला धडधाकट घरी जावंस म्हणून दिलता हात. पोरी जाळायला न्हाई दिलता. त्या लेकीचा डोळा मोठा का माझी आठवण मोठी? पुसून टाक, आन् रडू नको."

रडू नको म्हटल्यावर ती हमखास रडणार, हे त्यांना माहीत होतं. ते थांबले. डोळे पुसून तिने सहज विचारलं, "तुम्ही कधी हायड्रोजन भरला होता का हो?"

"तर! वनस्पती तुपाच्या कारखान्याला लागायचा की. तेल घट्ट करायला. पाच-सहा वर्षं दोन्ही केलं म्या, सकाळच्याला ऑक्सिजन आन् दुपारच्याला हायड्रोजन."

"मग तुमच्या हाताने कधी चुकून फुंकर न्हाई मारली?"

चाचा विचारात पडले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "न्हाई बा. का न्हाई मारली ते काय सांगता यायचं न्हाई. हात व्हॉल्व्हच्या चावीवर ठेवला की जरा थांबायचा. मग चालायचा. ऑक्सिजनलाबी थांबायचा, सगळ्यालाच थांबायचा."

ऋतुजा ताडकन उठली. तिचा हात कधीच थांबत नव्हता. ज्योत्स्नाचा नव्हता, आष्ट्याच्या लग्नातल्या त्या दोघांचा नव्हता. चाचांच्या कुठल्याच नकलेचा हात थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती प्रशिक्षण केंद्रात गेली आणि तिने मॅडमना विचारलं, की चाचांचा हात थांबलेला तुम्हाला दिसला होता का? मॅडमनी जुनी नोंद काढली. पडद्यावर स्नायूंच्या रेघा उड्या मारत होत्या आणि प्रत्येक फुंकरीच्या आधी दोन टोकं चिकटवल्याची खूण होती.

"इथे आम्ही कात्री लावली," मॅडम हळूच म्हणाल्या. "रेघ सपाट होती. हात रिकामा आहे, वेळ वाया जातोय असं वाटलं, म्हणून ते तुकडे गाळले. शिकणाऱ्याचा वेळ वाचला म्हणून तेव्हा आम्हाला शाबासकीही मिळाली होती." मग त्या एकदम पुढे सरकल्या आणि गाळलेले तुकडे शोधायला लागल्या. सुदैवाने कुणी ते फेकले नव्हते. त्यांनी एक तुकडा मोठा केला, आणखी मोठा केला. सपाट रेघेत बारीक लव दिसायला लागली. "ऋतुजाताई, हे बघा! हात रिकामा नव्हता हो. वरचा स्नायू वर ओढतोय, खालचा खाली ओढतोय, अगदी सारख्या जोराने. म्हणून मनगट स्थिर दिसतंय. हात धरून ठेवलाय त्यांनी. डोळ्यांनी रंग बघून होईपर्यंत आवरून धरलाय." त्यांचा चेहरा उजळला होता. स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंद झालेलं माणूस ऋतुजाने पहिल्यांदाच पाहिलं.

मात्र हे थांबणं ऋतुजाला देता येत नव्हतं. जुनी बाही भरड होती. ती लव आणि यंत्राची खरखर तिच्यात एकात एक मिसळली होती, वेगळी काढता येत नव्हती. आता बारीक टिपणारी बाही निघाली होती, पण चाचांचा हात आता थांबत नव्हता. मग राहिला एकच रस्ता, बाहीच्या आधीच्या काळातला. ऋतुजाने मॅडमना सांगितलं, "हात पुसू नका. मला थोडे दिवस द्या. उस्तादासमोर उभी राहून शिकते."

चाचांना कारखान्याची गाडी आणायला जायची. आवारात त्यांच्यासाठी खुर्ची टाकलेली असायची. समोर रिकामी सिलिंडरं ओळीने उभी, हायड्रोजनची लाल आणि ऑक्सिजनची काळी मुद्दाम सरमिसळ केलेली. ऋतुजा हात उचलायची आणि चाचा ओरडायचे, "थांब!" तोवर हाताने फुंकर मारलेली असायची. पुन्हा उचलायची, पुन्हा "थांब!" पहिले कितीतरी दिवस हातच जिंकत राहिला. ऋतुजा चिडली, पाना आपटला. एकदा चाचांनाच म्हणाली, "तुमच्याच हाताने उच्छाद मांडलाय, आता तुम्हीच निस्तरा!" चाचा खो खो हसले. "माझाच हाय तो, म्हणून तर ऐकंना. माझ्या उस्तादानं काय थोडं डोकं आपटलंय का त्याच्यापायी?"

ज्योत्स्ना रोज येऊन बघायची. काजळाने काढलेली भुवई घामाने ओघळायची, तरी यायची.

आणि एका सकाळी हात थांबला. चाचा काही बोलले नव्हते, ते पान चघळत होते. ऋतुजाचा हात चावीवर गेला आणि तिथेच राहिला. तेवढ्यात तिला लाल रंग दिसला, उलटे आटे दिसले, पलीकडे उभी असलेली ज्योत्स्ना दिसली. मग तिने सावकाश रेग्युलेटर चढवला, फुंकर न मारता. पुढच्या काळ्या, ऑक्सिजनच्या सिलिंडरला हात तसाच थांबला आणि मग त्याने चाचांची ती पापणीएवढी फुंकर मारली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चाचांनी फक्त पान थुंकलं आणि ते म्हणाले, "हां. आता भरलेल्यावर करू."

भरलेल्या सिलिंडरवरच्या परीक्षेत ज्योत्स्ना आपणहून भुवई जळाली तेव्हाच्याच जागी, ऋतुजाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. ऋतुजा नको म्हणत होती. ज्योत्स्ना म्हणाली, "अक्का, तू थांबणारच हायस. मी बघितलंय." त्या दिवशी काहीही घडलं नाही. इतका सुंदर काही न घडलेला दिवस ऋतुजाने आयुष्यात पाहिला नव्हता.

मग मॅडमनी नवी, बारीक बाही आणली आणि ऋतुजाचा हात उतरवून घेतला, थांबण्यासकट. यावेळी कात्री कुणी लावली नाही. आता जिल्हाभरातल्या सगळ्या नकलांना तो तुकडा शिकवायचा होता. काम संपलं, बाही ऋतुजाने काढली, तेव्हा मॅडम चाचांकडे पाहून जरा चाचरत म्हणाल्या, "चाचा, एक करून बघू का? हे थांबणं म्हणजे दोन स्नायूंनी एकमेकांना धरून ठेवणं. तुमच्या हातात तेच सुटलंय. बरं होईल असं मी म्हणणार नाही. बाही अंगात असेपर्यंत कदाचित..."

चाचांनी हात पुढे केला. बाही चढली. हात थरथरतच होता. मॅडमनी कळ दाबली, ऋतुजाचं थांबणं तारांमधून त्या सुरकुतलेल्या मनगटात गेलं, आणि थरथर हळूहळू मंदावत गेली. मग थांबली.

चाचा आपल्या हाताकडे टक लावून बघत होते. शिवानंद ऋतुजाला न्यायला आला होता, तोही दारात तसाच उभा राहिला. एवढ्यात चहावाला आला. सवयीने त्याने चाचांसाठी कप अर्धाच भरला. घरीदारी चार वर्षं त्यांना सगळीकडे अर्धाच कप मिळत होता, सांडू नये म्हणून, आणि त्यावर ते कधी चकार शब्द बोलले नव्हते.

"भर की पुरता," चाचा म्हणाले.

चहावाल्याने कप काठोकाठ भरला. चाचांनी तो उचलला, ओठांपर्यंत नेला आणि ते शेवटच्या घोटापर्यंत सावकाश प्यायले. बशीत एक थेंब पडला नाही. ऋतुजाच्या डोळ्यांना धार लागली होती. चाचा रडू नको म्हणाले नाहीत. त्यांनी रिकामा कप खाली ठेवला आणि बाही चढवलेला तो हात तिच्यापुढे धरला.

"तुझा हाय," ते म्हणाले. "मला चहापुरता दे."